मॅक अ‍ॅड्रेस बदलणे

नेटवर्क कार्डाला कारखान्यात मिळालेला हार्डवेअर पत्ता (मॅक अ‍ॅड्रेस) बाजूला ठेवून संगणकाला दुसरा पत्ता वापरायला लावणे. कार्डाच्या चिपमधला मूळ पत्ता सहसा तसाच राहतो. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक फ्रेमवर (माहितीच्या तुकड्यावर) मात्र पाठवणाऱ्याच्या जागी नवा पत्ता जातो.

पत्ता ४८ बिटांचा असून तो १२ षोडशमान अंकांत (० ते ९ आणि ए ते एफ) लिहितात. सर्वसाधारणपणे पहिले सहा अंक आयईईई ही संस्था उत्पादकाला देते, उरलेले सहा उत्पादक ठरवतो. आपण पत्ता निवडताना दुसरा अंक २, ६, ए किंवा ई ठेवावा. त्यामुळे तो ‘स्थानिक पातळीवर दिलेला’ ठरतो आणि कुठल्याही कंपनीच्या पत्त्यावर अतिक्रमण होत नाही. विंडोजमधली बरीच वायफाय कार्डे याखेरीज दुसरे काही स्वीकारतच नाहीत.

नागपुरात हा विषय घरी येतो तो बहुधा राउटर बदलल्यावर. सीताबर्डीहून नवा राउटर आणला, दिवे लागले, तरी नेट सुरू होत नाही. कारण काही केबलवाले जोडणी जुन्या उपकरणाच्या मॅकशी बांधून ठेवतात. राउटरच्या सेटिंगमधील ‘मॅक क्लोन’ने जुना पत्ता नव्या राउटरला देता येतो. तरी केबलवाल्याला फोन करून नवा पत्ता नोंदवून घेणे केव्हाही चांगले.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून कार्डाच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबवर ‘नेटवर्क अ‍ॅड्रेस’ हा पर्याय असल्यास तिथे १२ अंक भरतात. लिनक्समध्ये कार्ड बंद करून ‘आयपी लिंक’ आज्ञेने पत्ता देतात व कार्ड पुन्हा चालू करतात. लिनक्समधल्या या पद्धतीत संगणक रीस्टार्ट झाला की मूळ पत्ता परत येतो.

मॅक अ‍ॅड्रेस राउटरच्या पलीकडे जात नाही. त्यामुळे इतवारीतल्या एका घरात आणि धरमपेठेतल्या दुसऱ्या घरात एकच पत्ता असला तरी बिघडत नाही. एकाच वसतिगृहाच्या नेटवर्कवर मात्र तसे झाले, तर स्विचला (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणाला) पत्ता कधी या पोर्टवर, कधी त्या पोर्टवर दिसतो आणि दोघांचेही नेट अडखळते.

अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक वायफायसाठी वेगळा पत्ता आपणहून घेतात. रेल्वे स्थानकासारख्या ठिकाणी माणसाचा माग काढणे त्यामुळे अवघड होते, आणि ही सोय बंद करू नये. जिथे प्रवेश नोंदवलेल्या मॅकवरच मिळतो, तेवढ्या नेटवर्कपुरती ती बंद करावी.

परवानगी असलेल्या मॅकची यादी करून वायफाय सुरक्षित झाले असे समजणे धोक्याचे आहे. पासवर्ड असलेल्या वायफायवरही हा पत्ता हवेत उघडाच जातो. जवळपासचा कोणीही तो वाचून स्वतःच्या कार्डाला देऊ शकतो. दुसऱ्याच्या नावाने शिरून फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ६६ड लागू होऊ शकते. मोबाइलचा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनची ओळख सांगणारा) वेगळा. तो जाणूनबुजून बदलण्यास केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनी मनाई केली.