छोट्या गाडीला भाव आलाय : विकायची की ठेवायची?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पेट्रोलचा दर वाढला की आमच्या गॅरेजसमोर दोन प्रकारची माणसं येऊन थांबतात. एकाला त्याची जुनी छोटी गाडी विकायची असते, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की ‘सध्या ॲव्हरेजवाल्या गाड्यांना जाम मागणी आहे.’ दुसऱ्याला नेमकी तशीच गाडी घ्यायची असते. आम्ही गाड्या दुरुस्त करतो, आणि जुन्या गाड्या घेतो-विकतोही. त्यामुळे आमच्या सल्ल्यात आमचा फायदा किती, असं तुमच्या मनात येणारच. म्हणून हिशेब कागदावर मांडतोय. स्वतःचे आकडे घालून तपासून घ्या.

परभणीकरांना पेट्रोलच्या दराबद्दल वेगळं सांगायला नको. इंधन मनमाडकडच्या डेपोतून लांबून येतं, ते भाडं दरात बसतं, आणि राज्यात सगळ्यांत महाग पेट्रोल कुठे याची बातमी आली की आपलं नाव असतंच. मुंबईत २०२१ च्या मे अखेरीस पेट्रोलने शंभरी ओलांडली. आपल्याकडे ती त्याआधीच झाली होती. २०२२ मध्ये आधी केंद्राने अबकारी कर आणि मग जुलैत राज्याने व्हॅट कमी केला, तरी दर शंभराच्या खाली काही आला नाही.

आता आकडे. महिन्याला ९०० किलोमीटर चालणारी, गावात १८ चं ॲव्हरेज देणारी छोटी पेट्रोल गाडी धरा. लागलं ५० लिटर. लिटरला १०७ रुपये धरले तर ५,३५० रुपये. पेट्रोल एकदम दहा रुपयांनी वाढलं तर महिन्याला ५०० रुपये जास्त जातील. झळ बसते, पण त्यापायी गाडी विकावी एवढी नाही.

‘ही विकतो आणि २५ चं ॲव्हरेज देणारी नवीन घेतो’ असं बरेच जण म्हणतात. ९०० किलोमीटरला २५ ने भागलं तर ३६ लिटर, म्हणजे ३,८५२ रुपये. महिन्याला जवळपास १,५०० वाचले, वर्षाला १८,००० च्या आसपास. जुनी देऊन नवीन घेताना वर चार लाख घालावे लागले, तर ते पेट्रोलमधून वसूल व्हायला २२ वर्षं लागतील. कर्जाचं व्याज यात धरलेलंच नाही. नवीन गाडी हौसेसाठी घ्या, एअरबॅगसाठी घ्या, लेकरं मोठी झाली म्हणून घ्या. फक्त ‘पेट्रोल वाचवायला घेतली’ असं म्हणू नका.

उलटा सौदा याहून वाईट. छोट्या गाडीचे नेहमीपेक्षा २५,००० जास्त मिळतायत म्हणून ती काढायची, आणि मोठी गाडी ‘सध्या पडत्या भावात मिळतेय’ म्हणून घ्यायची. तिचं ॲव्हरेज १२. त्याच ९०० किलोमीटरला ७५ लिटर, ८,०२५ रुपये. महिन्याचा फरक २,६७५, वर्षाचा ३२,१००. वरचे २५,००० दहा महिन्यांत पेट्रोल पंपावर गेले. मोठ्या गाडीचे टायर आणि विमा वेगळाच.

आमचं मत सरळ आहे. घरात एकच गाडी असेल आणि ती रोज लागत असेल, तर चढ्या भावाचा तुम्हाला काही उपयोग नाही. तुमची महाग विकली जाईल, पण दुसरी घ्यायला जाल तर तीही महागच मिळेल. दोन गाड्या असतील आणि छोटी अंगणात कव्हरखाली उभी असेल, मुलगा पुण्याला आणि गाडी इथे, असं असेल तर मात्र आत्ताच विका. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटे होतात, उंदीर वायरिंग खातात. मागच्याच आठवड्यात अशाच एका उभ्या गाडीचं बॉनेट उघडलं, तर एअर फिल्टरच्या डब्यात कापसाचं घरटं निघालं. गाडी ३१,००० किलोमीटर चाललेली, फर्स्ट ओनर, आणि तरी पहिला खर्च वायरिंगचा.

‘शेजाऱ्याची एवढ्याला गेली’ हे ऐकून येताना ती कधी गेली ते विचारून या. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि सेसही गेला. नवीन गाडी स्वस्त झाली की जुनीच्या भावालाही आपोआप मर्यादा येते. त्याआधीचा भाव आज कुणी देणार नाही, आम्हीही नाही. व्यापाऱ्याला जुन्या गाडीवरच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो, तोही आमच्या बोलीत धरलेला असतो. तुम्ही ओळखीतल्या माणसाला परस्पर विकली तर हा कर लागत नाही. म्हणून तिथे चार पैसे जास्त मिळू शकतात, हे आमचं नुकसान करून सांगतोय.

ठेवायची ठरली तर दुरुस्तीचं काय? क्लचप्लेट, सस्पेन्शनचे बुश, लोअर आर्म, एसीचा कंडेन्सर हे खर्च वाटतात मोठे, पण त्यावर गाडी पुढची काही वर्षं चालते. आपल्या उन्हाळ्यात रेडिएटर आणि कूलंटकडे मात्र दुर्लक्ष नको. साधं पाणी ओतून चालवलेली इंजिनं आम्ही दर मे महिन्यात उघडतो. इंजिन ऑइल खायला लागलं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय, तर थांबा आणि आधी अंदाजपत्रक घ्या. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला तर आम्हीच ‘काढा’ म्हणू. मुंबईकडून किंवा कोकणातून आलेली गाडी असेल तर मॅट उचलून खालचा पत्रा बघा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो, खाऱ्या हवेतल्या गाडीला आतून गंज असतो आणि वरचा रंग चकचकीत.

गाडी १५ वर्षांची होत आली असेल तर हिशेब बदलतो. नोंदणीच्या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये आहे, शिवाय तपासणी आणि हरित कर. २० वर्षांपुढच्या गाडीला ते शुल्क १०,००० झालंय. गाडी ठणठणीत असेल तर हाही खर्च परवडतो, पण विकायचीच असेल तर मुदत संपायच्या वर्षभर आधी विका. कागद संपत आलेल्या गाडीचा भाव घेणारा बरोबर पाडतो.

आता कागदपत्रं, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप इथेच होतो. पैसे मिळाले, किल्ली दिली, फॉर्म २९ आणि ३० (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म) कोरेच सह्या करून दिले, ‘नावावर नंतर करून घेतो’ म्हणाला, आणि तुम्ही विसरलात. वर्षभराने ई-चलानाचे मेसेज तुमच्या मोबाइलवर. अपघात झाला आणि विमा नसला तर त्याहून वाईट. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. कोरे फॉर्म कुणालाही देऊ नका, आम्हालासुद्धा. घेणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ आणि त्या क्षणाचं किलोमीटर रीडिंग लिहून दोघांच्या सह्या घ्या. राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं हे तुमचं काम आहे, घेणाऱ्याचं नाही. कर्ज फिटलं असेल पण आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवला नसेल, तर फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा फॉर्म) आणि बँकेचं पत्र आधी मिळवा. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही लावून घ्या, नाहीतर नाव बदलताना आरटीओत अडतं.

एक गोष्ट लोक फुकट सोडून देतात. क्लेम न घेतल्याबद्दलचा विम्यातला बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, तीन वर्षांच्या आत पुढच्या गाडीला लावता येतो.

गाडी दाखवायला आणताना धुऊन आणली नाही तरी चालेल. आरसी, विमा, पीयूसी, सर्व्हिसच्या जेवढ्या सापडतील तेवढ्या पावत्या आणि दोन्ही किल्ल्या आणा. दुसरी किल्ली हरवली असेल तर तसं आधीच सांगा. तपासणीला साधारण पाऊण तास लागतो, आणि इंजिन थंड असताना बघायचं असतं, म्हणून सकाळी चालू करण्याआधी फोन करा, आमचा पोऱ्या घरी येऊन बघेल.