जीपच्या हूडला बुरशी आलीय? आधी ब्लीच बाजूला ठेवा

पाऊस उघडला की साताऱ्यात कुशनवाल्यांच्या दुकानापुढं जीपा लागायला लागतात. मेढा, पाटण, तापोळा, कोयनानगर इकडनं आलेल्या, कुणाची जुनी कमांडर, कुणाची थार, एखादी वडापची, आणि तक्रार बहुतेकांची सारखीच, हूडला, म्हणजे वरच्या कापडी छताला, काळे ठिपके पडलेत आणि आत बसलं की कुबट वास मारतो. यातली कित्येक हूडं अजून चार पावसाळे सहज काढतील अशी असतात, पण घरी कुणीतरी त्यावर ब्लीच ओतून मोकळं झालेलं असतं आणि मग कापडच जातं. ते होऊ नये म्हणून हे सगळं लिहितोय.

बुरशीचे बीजाणू हवेत कायमच असतात, साधारण २ ते १० मायक्रॉनचे, डोळ्याला दिसतही नाहीत, त्यांना अडवणं कुणाच्या हातात नाही. त्यांना रुजायला फक्त ओल आणि खाणं लागतं. आपल्या जिल्ह्यातच बघा, महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तिकडं माणमध्ये ५०० च्या आसपास, म्हणजे एकाच ताग्यातनं शिवलेलं हूड म्हसवडला कोरडं ठणठणीत राहील आणि महाबळेश्वरला जुलै संपायच्या आत काळं पडेल. हवेतली आर्द्रता ७०-८० टक्क्यांच्या वर राहिली आणि तापमान २०-३० च्या मधे असलं की बुरशीला अजून काही नको, आणि कोयनेच्या खोऱ्यात जून ते सप्टेंबर नेमकं हेच चालू असतं.

आता खाण्याचं. जुनी हूडं सुती कॅनव्हासची, आणि कापूस म्हणजे जवळपास शुद्ध सेल्युलोज. बुरशी सेल्युलेज नावाची एन्झाइम्स बाहेर सोडते, ती सेल्युलोजची लांब साखळी तोडून त्याची साखर करतात आणि ती साखर बुरशी शोषून घेते, म्हणजे हूड ती अक्षरशः खाते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे तंबू आणि कॅनव्हासचं सामान असंच कुजत होतं, त्यावरनं मिळालेली एक बुरशी त्यांच्या शास्त्रज्ञांनी जपून ठेवली, पुढं एल्विन रीस यांच्या नावावरून तिला ट्रायकोडर्मा रीसाय म्हणायला लागले, आणि आज जगभर कारखान्यात सेल्युलेज बनवायला तिचेच वंशज वापरतात. ट्रायकोडर्मा म्हटल्यावर इकडच्या शेतकऱ्यांना लगेच लक्षात येईल, आल्याच्या नाहीतर हळदीच्या कंदकुजीवर शेणखतात मिसळून टाकतो त्याच कुळातली ही.

नवीन हूडं व्हिनाइलची किंवा पॉलिस्टरची असतात, तो धागा बुरशीला पचत नाही. तरी ती येतेच, कारण वर बसलेली धूळ, झाडाचा चीक, पाखरांची घाण हे सगळं तिचं खाणं. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे प्लास्टिसायझर घालतात तेही काही बुरशा खातात.

हूड आतनं, पाइपवरच्या शिवणीजवळ, मोबाइलचा टॉर्च मारून नीट बघा. मोकळ्या कापडावर ठिपके सुटे आणि गोल दिसतील, त्यातला एकेक बहुतेक एकेका बीजाणूपासून सगळीकडं पसरत गेलेला असतो. शिवणीवर मात्र ठिपके नाहीत, सलग काळी पट्टी. सुईच्या भोकातनं पाणी आत शिरतं, दोरा ते ओढून शिवणभर पसरवतो आणि तिथं कापड दुहेरी असल्यामुळं ते वाळतही नाही.

तो काळा रंग बऱ्याचदा मेलॅनिनचा असतो, तो बुरशीच्या पेशीच्या भिंतीत असतो, उन्हापासून तिला वाचवतो आणि बुरशी मेली तरी तिथंच राहतो. म्हणजे डाग दिसतोय म्हणून बुरशी जिवंत आहे असं नाही, आणि कापड पांढरं झालं म्हणून ती मेली असंही नाही. ब्लीचची गडबड इथंच आहे. त्यातलं सोडियम हायपोक्लोराइट मळ, कापूस, दोरा जे समोर येईल त्याच्याशी रिअ‍ॅक्शन करत वरच्या वरच खर्ची पडतं, रंग उडतो, सुती धागा कमजोर होतो, आणि विणीत खोल गेलेले बुरशीचे तंतू वाचू शकतात. ते पुढच्या ओलीला परत डोकं वर काढतात.

त्यापेक्षा चांगलं ऊन पडलेला दिवस धरा, गाडी उघड्यावर घ्या, तोंडाला मास्क लावा. कोरडं हूड ब्रशनं घासू नका, बंद शेडमधे तर अजिबात नको, बीजाणू उडून थेट छातीत जातात आणि दमेकऱ्याला त्याचा फार त्रास होतो. आधी भिजवा, साध्या सौम्य साबणानं मऊ ब्रशनं मळ काढा, मग किराणा दुकानात मिळतो तो पांढरा व्हिनेगर निम्मं पाणी घालून मारा आणि अर्धा-पाऊण तास राहू द्या, अर्थात आधी एका कोपऱ्यावर रंग जातो का बघून. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा रेणू छोटा, तो पेशीच्या पडद्यातनं आत जातो आणि आत गेल्यावर फुटून पेशी आम्लधर्मी करतो. सगळ्याच बुरशा याला दबतात असं नाही, पण कापड तरी शाबूत राहतं. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो, तो जीवघेणा आहे.

मग फेस जाईपर्यंत पाणी, कारण कापडात साबण राहिला की पुढचं पाणी थेंब न होता पसरून आत मुरतं. सर्व्हिसिंगचा प्रेशर पाइप नको, शिवण आणि कोटिंग दोन्ही जातं. पारदर्शक खिडक्यांना स्पिरिट लावू नका, भरपूर पाणी आणि मऊ फडकं बास. सुती हूड वाळताना आटतं, म्हणून ते गाडीवरच ताणून वाळवा, आतनं बाहेरनं पूर्ण. वाळल्यावर वर पाणी शिंपडा, थेंब उभे राहिले नाहीत तर कॅनव्हासचा वॉटरप्रूफिंग स्प्रे किंवा मेणाचं कोटिंग परत द्यावं लागेल.

पावसाळ्यात ओलं हूड गुंडाळून ठेवू नका आणि त्यावर चिकटून बसेल असा प्लास्टिकचा कागद तर टाकूच नका, जमिनीतनं उठलेली वाफ त्याच्याखाली अडकते. गाडी शेडमधे असेल तर बाजूचे पडदे वर करून ठेवा, वारा फिरला पाहिजे.

एवढं करूनही शिवणीजवळ अंगठा दाबल्यावर कापड करकर वाजून विरायला लागलं, तर तिथलं सेल्युलोज खाल्लं गेलंय, ते कुठल्याच धुण्यानं परत येत नाही. मग कुशनवाल्याकडंच जा, आणि नवीन शिवताना दोरा सुती नको, पॉलिस्टरचाच घाला म्हणून आधीच सांगा.