तुझे राज्य येवो: संकटकाळातल्या ख्रिस्ती आशेची पार्श्वभूमी

जगात कुठे युद्ध पेटलं किंवा भूकंप झाला की आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप गटावर बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 24व्या अध्यायातली वचनं फिरू लागतात. लढाया, लढायांच्या अफवा, दुष्काळ आणि शेवटी ‘प्रभू लवकर येत आहे’. 2021च्या एप्रिलमध्ये पुण्यात ऑक्सिजनच्या खाटेसाठी घरोघरचे लोक रात्ररात्र फोन फिरवत होते, तेव्हा असे निरोप दिवसाला दहा-बारा यायचे. आणि त्याच गटावर, बहुतेक वेळा त्याच माणसांकडून, दुसरेही निरोप यायचे: घरात अडकलेल्या अमक्या कुटुंबाला डबा कोण पोचवेल, तमक्या काकूंचं औषध कुठल्या दुकानात मिळेल. जग संपत आलंय असं मानणारी माणसं डबे का पोचवत होती, याचं उत्तर शोधायला फार मागे जावं लागतं.

पहिल्या शतकातल्या विश्वासणाऱ्यांना प्रभू आपल्या हयातीतच परत येईल असं वाटत होतं. त्यांच्या उपासनेतला ‘मारानाथा’ हा अरामी उद्गार प्रेषित पौलाने करिंथकरांच्या पत्राच्या शेवटी तसाच ठेवला आहे. त्याचा अर्थ ‘प्रभू, ये’. थेस्सलनीका शहरातल्या काहींनी हातपाय हलवणंच सोडलं होतं. त्यांना पौलाने खडसावलं, ज्याला काम नको त्याने खाऊही नये. हाच पौल रोमकरांना लिहितो की सगळी सृष्टी कण्हत आहे, आणि त्या कण्हण्याला तो प्रसूतीच्या वेदना म्हणतो. मराठीत ‘कळा सुरू झाल्या’ म्हटलं की घरात एकाच वेळी काळजीही असते आणि बाळंतविडाही बाहेर काढला जातो. पौलाच्या मनातली आशा मला नेमकी अशी वाटते.

त्याच्याही आधीची एक गोष्ट बायबलच्या जुन्या करारात, संदेष्टा यिर्मया याच्या पुस्तकाच्या 32व्या अध्यायात आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला आहे, शहर पडणार हे यिर्मया स्वतःच सांगत आला आहे आणि त्यापायी तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. शत्रूच्या हाती जाणारं शेत! यिर्मया ते घेतो. 17 शेकेल रुपं, म्हणजे चांदी, तराजूत तोलून देतो, साक्षीदारांसमोर खरेदीखत करतो, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी अशा दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्याकडे सोपवतो आणि त्या पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो. या देशात पुन्हा घरं, शेतं आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, हा त्यामागचा देवाचा शब्द. पण शब्दाइतकंच मला ते भांडं महत्त्वाचं वाटतं. दस्त नोंदवायला निबंधक कार्यालयात ताटकळलेल्या कोणाही पुणेकराला कळेल की भविष्यावर विश्वास ठेवणं किती कागदोपत्री काम असू शकतं.

इ.स. 410 मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटलं. जुने देव सोडले म्हणून हे झालं, असा ठपका ख्रिस्ती लोकांवर आला. त्याला उत्तर म्हणून उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने 413 ते 426 या काळात ‘देवाचे नगर’ हा 22 खंडांचा ग्रंथ लिहिला. कुठलंही साम्राज्य म्हणजे देवाचं राज्य नव्हे, त्यामुळे एखादं साम्राज्य कोसळलं म्हणून देवाचं वचन कोसळत नाही, हा त्याचा गाभा. बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकातली ख्रिस्ताच्या राज्याची हजार वर्षं त्याने शब्दशः मोजली नाहीत. ती मंडळीचा चालू काळ आहे असं मानलं. 430 मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या हिप्पो शहरालाच व्हँडल लोकांचा वेढा होता.

पुढच्या हजारेक वर्षांचा तपशील सोडून एकोणिसाव्या शतकात येतो, कारण महाराष्ट्रातल्या प्रोटेस्टंट मंडळ्या त्याच शतकात घडल्या. त्या काळच्या पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात दोन वारे वाहत होते. एक उमेदीचा: सुवार्ता, शाळा, छापखाने यांमुळे जग हळूहळू सुधारेल आणि मग प्रभू येईल. 1813 मध्ये मुंबईला आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या मागे हीच उमेद होती. दुसरा वारा उलट दिशेचा. ब्रिटनमधला उपदेशक जॉन नेल्सन डार्बी आणि त्याच्या अनुयायांनी मांडलं की जग बिघडतच जाणार आणि शेवटच्या महासंकटाआधी विश्वासणारे वर स्वर्गात उचलले जाणार. प्रसिद्ध उपदेशक मूडी जगाला फुटलेलं जहाज म्हणत असे. आपल्याला होडी दिली आहे, जमतील तितके वाचवायचे. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी तर प्रभूच्या येण्याची तारीखच धरली, 22 ऑक्टोबर 1844. त्या दिवशी काही घडलं नाही. हजारो लोक खचले. त्या निराशेतून पुढे जी ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली, तिचं रुग्णालय आज पुण्याच्या सॅलिसबरी पार्कात आहे आणि विद्यापीठ औंध रस्त्यावर. तारीख चुकल्यावर त्या लोकांनी शाळा आणि दवाखाने बांधले, ही गोष्ट मी आदराने सांगतो.

डार्बीच्या विचाराने वाट पाहण्याची ओढ जिवंत ठेवली, हे मान्य. पण जहाज बुडणारच असेल तर त्याच्या फळ्या कशाला ठोकायच्या, हा प्रश्न त्यातून निघतो आणि काही घरांत तो आजही ऐकू येतो. प्रभूच्या प्रार्थनेतला शब्द मात्र ‘येवो’ आहे. तुझे राज्य येवो, जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही. आम्ही तिकडे जावो, असं तिथे म्हटलेलं नाही.

1914 नंतर उमेदीचा वारा पडला. 1943च्या जुलैमध्ये हॅम्बर्गवरच्या बाँबहल्ल्यात शेजारी उभा असलेला मित्र मारला गेला आणि 17 वर्षांचा जर्मन मुलगा युर्गेन मोल्टमन वाचला. पुढे ब्रिटिशांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्याच्या हातात पवित्र शास्त्र पडलं. 1964 मध्ये त्याने ‘आशेचे ईश्वरविज्ञान’ लिहिलं. ज्याला देवाच्या भविष्याची खात्री आहे तो आजच्या अन्यायाशी जुळवून घेत नाही, हा त्याचा मुद्दा. पुढच्याच वर्षी, 7 डिसेंबर 1965 रोजी, कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगाविषयीचा आपला दस्तऐवज जाहीर केला आणि गरिबांची दुःखं तीच ख्रिस्ताच्या शिष्यांची दुःखं, असं सुरुवातीलाच म्हटलं. कॅथलिक धर्मगुरू घडवणारं नगर रस्त्यावरचं पेपल सेमिनरी तेव्हा श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्याला येऊन जेमतेम दहा वर्षं झाली होती.

पण आमच्या भागात हे कुणी ग्रंथ लिहून मांडण्याच्या कितीतरी आधी, एका बाईने केलं होतं. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी उपासमारीच्या दिवसांत आई, वडील आणि मोठी बहीण गमावली. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. अमेरिकेतली मदत दहाच वर्षांची होती, म्हणून दौंडच्या वाटेवर केडगावला माळरान घेऊन त्यांनी विहिरी खणल्या आणि फळझाडं लावली. झाडं फळाला येण्याआधीच 1896-97चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्याच वर्षी पुण्यात प्लेग होता. तिथल्या प्लेगच्या रुग्णालयात बायकांचे काय हाल होतात हे त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहून सांगितलं आणि सरकारची नाराजी ओढवून घेतली. देवावर भरवसा म्हणजे गप्प बसणं, असं त्यांना कधी वाटलं नाही. 1900 पर्यंत केडगावच्या मुक्ती सदनात दीड हजारांवर माणसं होती. 1905 मध्ये तिथे आध्यात्मिक जागृतीची मोठी लाट आली. मुली रात्ररात्र प्रार्थना करत. अशा जागृतीच्या लाटांमध्ये तेव्हा जगभर शेवटचा काळ जवळ आल्याची भावना होती. केडगावात मात्र सकाळी गाई पिळल्या जात, माग चालत, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले जात.

रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं पवित्र शास्त्र उतरवायला बसल्या. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली. काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं; पुस्तक 1924 मध्ये बाहेर पडलं. त्याच्या शेवटच्या पानावर प्रकटीकरणाचा शेवट आहे, प्रभू येशूला ‘ये’ म्हणणारा. ते खिळे जुळवले केडगावच्या छापखान्यातल्या बायकांनी. अक्षर उलटं वाचून, ओळ चिमट्याने सरळ करून, शाई लावायच्या आधी एकदा बोट फिरवून.