दुबई-बँकॉकचं तिकीट काढायच्या आधी पासपोर्ट उघडून बघा

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाची फॉरेन ट्रिप ठरली की फॉर्म भरायला माझ्याकडेच येतात. व्हिसावर अडलेले त्यात फार थोडे, बाकीचे पासपोर्टवरच अडकतात, आणि तेही नॉन-रिफंडेबल तिकीट काढून झाल्यावर विचारायला येतात, "हे चालेल ना?"

आधी सहा महिन्यांचं बघा. दुबई, थायलंड, सिंगापूर, बाली, सगळीकडे तिथे उतराल त्या दिवसापासून पुढे सहा महिने पासपोर्ट व्हॅलिड लागतो. लोक मोजतात बुकिंगच्या तारखेपासून! एक्सपायरी २८ ऑक्टोबरची आणि तुम्ही उतरणार ५ मेला, म्हणजे आठवडाभराने हुकलं, एअरलाइनवाले मुंबईच्या सहार विमानतळावरूनच घरी पाठवतील. युरोपात शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या देशांचा, हिशोब वेगळा, तिथून निघायच्या तारखेनंतर तीन महिने, शिवाय पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतच निघालेला हवा. रिन्यूअल एक्सपायरीच्या वर्षभर आधीपासून करता येतं, ३६ पानी मोठ्यांच्या पासपोर्टला १५०० रुपये, तत्काळ हवा तर वर २०००.

सगळ्यात जास्त डोकं खातं ते नाव. जुन्या पासपोर्टांवर, खास करून आई-आजीच्या, सरनेमचा रकाना कोरा आणि नावात नुसतं "सुमन" असं पुष्कळ वेळा सापडतं. नोव्हेंबर २०२२ पासून यूएई, म्हणजे दुबई ज्या देशात आहे तो, अशा एका शब्दाच्या नावावर टुरिस्ट व्हिसा देत नाही. आधारवर पूर्ण नाव आहे, पॅनवर आहे, असं कितीही सांगा, उपयोग शून्य, पासपोर्टच रिइश्यू करून घ्यावा लागतो आणि त्याला वेळ जातो. तिकिटाचंही तेच, पासपोर्टवर "सुमन विठ्ठल" असेल तर तिकिटावर विठ्ठलसकट टाका, मधलं नाव गाळू नका, नंतर काउंटरवर वाद घालत बसाल.

थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे देशात शिरण्याआधीचा ऑनलाइन फॉर्म, १ मे २०२५ पासून सगळ्या परदेशी पाहुण्यांना भरावं लागतं, उतरायच्या आधीच्या तीन दिवसांत, आणि ते फुकट आहे. फुकट! गुगलवर वरती दिसली ती साइट उघडून लोक दोन-तीन हजार भरून बसतात. सिंगापूरचं अरायव्हल कार्डही तसंच, तीन दिवस, शून्य फी.

केनिया-टांझानियाची सफारी करून येणार असाल तर यलो फीव्हरची लस. सर्टिफिकेट लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं, त्याच दिवशी नाही, आणि लस ठराविक सरकारमान्य केंद्रांतच मिळते म्हणून आधी चौकशी करा. सर्टिफिकेट नसेल तर परतल्यावर मुंबईतच सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. एकदा घेतली की आयुष्यभर चालते, हा नियम २०१६ पासून आहे, तरी "दहा वर्षं झाली, परत घ्या" म्हणणारे भेटतात. साठीच्या पुढच्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं.

बॅगेचं म्हणाल तर दिवाळीत लेकीला दुबईला अनारसे नेणाऱ्या काकूंनो, त्यावरची खसखस तिथे अमली पदार्थांत मोडते, मसाल्यातली पण. अनारसे राहू द्या, चिवडा न्या. कोडीनवाली खोकल्याची बाटली किंवा ट्रॅमाडॉलसारखी पेनकिलर न्यायची तर डॉक्टरची चिठ्ठी हवीच आणि यूएई सरकारची ऑनलाइन परवानगीही आधीच काढा. थायलंड-सिंगापूरला व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, नको.

आणि बालीला स्कूटर चालवायची असेल तर आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून जा, वर्षभर चालतं. भाड्याने देणारा काही विचारत नाही, पण अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाला पहिलं तेच मागतो.