'तुंबाड' रेट्रो नव्हे!

साताऱ्यात राजवाड्याच्या चौपाटीवर भयपटांचा विषय निघाला, की कुणीतरी ठासून सांगतंच, "रेट्रो हॉरर म्हणजे आपला 'तुंबाड' की!" अहो, 'तुंबाड' (2018) घडतो जुन्या काळात. रेट्रो म्हणजे आज काढलेला, पण जुन्या पद्धतीनं केलेला सिनेमा. तसा तो मात्र नाही.

भुताखेतांचे हिंदी सिनेमे काढणाऱ्या रामसे बंधूंबद्दल वेगळं सांगायला नको. धुकं, थडगं, कुरकुरणारं दार, सगळं तोंडपाठ आहे तुम्हाला. त्यांचा 'दो गज जमीन के नीचे' (1972) तर आपल्याच जिल्ह्यात, महाबळेश्वरला चित्रित झाला. तो रेट्रोही नाही आणि पीरियडही (म्हणजे जुन्या काळात घडणारा) नाही, नुसता जुना. माणसं तेव्हाची, कॅमेराही तेव्हाचाच.

घोळ होतो तो पुढं. गोष्ट कधीची आणि सिनेमा कधी काढल्यासारखा दिसतो, हे दोन सुटे प्रश्न आहेत. 'तुंबाड'ची गोष्ट 1918 ला सुरू होऊन 1947 पर्यंत येते, पण कॅमेऱ्याची चाल, अंधाराचे थर, हस्तर हा त्यातला राक्षस पडद्यावर आणायचं तंत्र, सगळं आजचं. सत्तेचाळीस साली काढलेला सिनेमा वाटावा असा दिग्दर्शकाचा हट्टही नव्हता. याच्या उलट ॲना बिलरचा 'द लव्ह विच' (2016). गोष्ट आजची, मधेच मोबाईलसुद्धा निघतो. पण 35 एमएमची फिल्म, चेहऱ्यावर सरळ मारलेला कडक प्रकाश, भडक रंग यामुळं साठ-सत्तरच्या दशकातली रिळं कुणीतरी आत्ता उघडलीत असं वाटतं. हा खरा रेट्रो.

टाय वेस्टचा 'द हाउस ऑफ द डेव्हिल' (2009) पीरियड आणि रेट्रो अशा दोन्हीकडं बसतो, म्हणून लोक फसतात. गोष्ट ऐंशीच्या दशकातली, नायिकेच्या कानाला वॉकमन. तो बघून रेट्रोचा शिक्का मारून मोकळे! वॉकमन काय, कुठलाही कलादिग्दर्शक जुन्या बाजारातून आणेल. रेट्रोपण आहे ते 16 एमएमच्या दाणेदार चित्रात, कितीतरी वेळ काहीच न घडू देण्याच्या हिमतीत आणि झूममध्ये. रुळांवरच्या ट्रॉलीवरून कॅमेरा पुढं गेला, की जवळच्या वस्तू कडेला सरकतात आणि आपण खोलीत शिरतो. झूममध्ये कॅमेरा जागचा हलत नाही. चेहरा आणि मागची भिंत एकाच प्रमाणात मोठी होते. आपण आत जात नाही, लांबून कुणीतरी त्या पोरीवर नजर रोखलीय असं वाटतं. सत्तरच्या दशकात झूमचा सुळसुळाट होता, कारण रूळ मांडायचा वेळ वाचायचा. ती काटकसर आज कुणी मुद्दाम, भीतीसाठी वापरली की मी खूश.

आता डोक्यात जाणारी गोष्ट. डिजिटल चित्रावर ओरखडे आणि पिवळट फिल्टर टाकला की झाला म्हणे रेट्रो. पहिल्या आठवड्यात थिएटरात लागलेली प्रिंट स्वच्छच असायची. ओरखडे पडले ते नंतर, ती प्रिंट गावोगाव फिरून पुसेगावच्या यात्रेतल्या तंबूपर्यंत पोचेतोवर. रंगही पिवळे नव्हते. पुष्कळ जुन्या प्रिंटमधला निळा रंग विटतो आणि चित्र लालसर होतं. म्हणजे तुम्ही नक्कल करताय ती झिजलेल्या प्रिंटची. रॉबर्ट रॉड्रिग्जनं 'प्लॅनेट टेरर'मध्ये (2007) ते उघड उघड गंमत म्हणून केलं, मधलं एक रीळच गहाळ दाखवलं. त्याला माफ. बाकीच्यांना नाही.

सिंथेसायझरचं संगीत, मोठ्या अक्षरांतली पिवळी नामावली हे किरकोळ. असलं तर बरं, नसलं तरी अडत नाही.

मला विचाराल तर कुणीतरी आजच्याच काळातली गोष्ट घ्यावी, हातात स्मार्टफोन असलेली पोरं महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यात कोंडावीत आणि सगळं रामसेंच्या थाटात, झूम मारून चित्रित करावं. सदरा-धोतर आणि कंदिलांवरचा खर्चही वाचेल.