पुण्यातील क्रीडाजीवन : समाज, सत्ता व अर्थकारण

पुणे शहर व परिसरातील खेळांची जडणघडण तालीम, लष्करी छावणी, जिमखाना, शासन आणि अलीकडे व्यावसायिक संघमालक अशा निरनिराळ्या आश्रयदात्यांच्या हातून झाली. यांपैकी एकही आश्रय पूर्णपणे संपला नाही. जुन्यावर नवा येत गेला. कोणता खेळ खेळला जातो याइतकेच मैदान कोणाच्या ताब्यात आहे आणि त्यावर उतरण्याची मुभा कोणाला आहे, हे प्रश्न येथे महत्त्वाचे ठरले आहेत.

पेशवाईच्या उत्तरकाळात मल्लविद्येला दरबारी आश्रय होता. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले, असे परंपरा मानते. १८१८ नंतर हा आश्रय तुटला. तरी चिंचेची तालीम, नगरकर तालीम, जगोबादादा तालीम यांसारख्या पेठांतील तालमी वस्ताद, गणेशमंडळे आणि वर्गणी यांच्या बळावर टिकल्या. व्यायाम आणि राजकारण यांचा संबंध १८९७ च्या रँड-वधानंतर सरकारच्या नजरेत विशेष भरला, कारण चापेकर बंधूंनी तरुणांचा व्यायाममंडळासारखा गट आधीच उभारला होता.

छावणीच्या बाजूला चित्र वेगळे होते. लष्करी जागेवरील घोडदौडीचे मैदान १८३० मधील आहे आणि पावसाळी हंगामातील शर्यती मुंबईच्या गव्हर्नरांच्या पुण्यातील मुक्कामाशी जोडल्या गेल्या. याच छावणीशी बॅडमिंटनच्या उगमाचा वाद निगडित आहे. हा खेळ पुण्यातील ब्रिटिश अधिकाऱ्यांनी निर्माण केला आणि त्याचे पहिले नियम १८७३ च्या सुमारास येथेच तयार झाले, असे विधान अनेक संदर्भग्रंथांत आढळते; खेळाला काही काळ ‘पूना’ म्हणत, हा त्याचा आधार दिला जातो. दुसरा पक्ष इंग्लंडमधील ग्लॉस्टरशरमधल्या बॅडमिंटन हाउस या ड्यूक ऑफ बोफर्टच्या निवासस्थानाकडे बोट दाखवतो. लंडनमधील आयझॅक स्प्रॅट या खेळणीविक्रेत्याने १८६० मध्ये या नावाच्या खेळावर पुस्तिका काढल्याची नोंद आहे, आणि १८६३ मधील एका इंग्रजी मासिकात जमिनीपासून सुमारे ५ फुटांवर ताणलेल्या दोरीच्या दोन बाजूंनी फूल (शटलकॉक) टोलवण्याच्या खेळाचे वर्णन येते. हे पुरावे ध्यानात घेता, फूल व फळी यांचा जुना इंग्रजी खेळ पुण्यात ‘जन्मला’ असे म्हणणे कठीण आहे. मात्र त्याला बंदिस्त मैदान, गुणपद्धती आणि स्पर्धेचे रूप देण्यात पुण्यासारख्या छावण्यांचा वाटा मोठा होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १८७५ च्या सुमारास भारतातून परतलेल्या अधिकाऱ्यांनी फोकस्टन येथे क्लब काढला, आणि १८८७ मध्ये बाथ येथील क्लबाने सुधारित नियम करेपर्यंत इंग्लंडमध्येही भारतातील नियमच चालत होते. वाऱ्यापावसात फुलाऐवजी लोकरीचा चेंडू वापरण्याची पद्धतही भारतातील. तिच्यापासून बॉल बॅडमिंटन हा वेगळा खेळ पुढे तंजावरकडे वाढला. नियम करणारे आणि खेळणारे दोघेही अधिकारीवर्गातले होते. त्यांच्या कोर्टाभोवती राबणाऱ्या स्थानिक नोकरांचा उल्लेख या साहित्यात जवळजवळ येत नाही.

क्रिकेटमध्ये असा एक नोकर इतिहासात उरला. चर्मकार समाजातील पालवणकर बाळू (जन्म सुमारे १८७६) यांनी पुण्यातील एका पारशी क्लबात महिना ३ रुपयांवर मैदानाची कामे केली आणि १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर रुजू झाले. तेथे कॅप्टन जे. जी. ग्रेग यांना सराव देताना त्यांची डावखुरी फिरकी घडली. आपल्याला बाद केले की ग्रेग त्यांना ८ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्यांना फलंदाजीची संधी मिळत नसे, ही बाब अधिक बोलकी आहे. पुढे धर्मवार संघांच्या स्पर्धांतील हिंदू संघाने त्यांना घेतले तेव्हा मैदानावर चेंडू सर्वांच्या हाती फिरे, पण चहा त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२० मध्ये याच प्रश्नावर त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. बाळू यांनी १९३२ च्या पुणे करारावर सही केली आणि १९३७ च्या निवडणुकीत डॉ. आंबेडकरांविरुद्ध काँग्रेसतर्फे उभे राहून ते पराभूत झाले. धर्मवार संघांच्या मुंबईतील स्पर्धेला गांधीजींनी १९४० मध्ये विरोध केला. ती १९४६ नंतर बंद पडली.

भारतीयांच्या मालकीच्या मैदानाची गरज डेक्कन जिमखान्याने (स्थापना १९०६) भागवली. खो-खोचे लिखित नियम येथेच १९१४ च्या सुमारास झाले, असे सामान्यतः मानले जाते. लोकमान्य टिळकांच्या प्रत्यक्ष सहभागाची परंपरा मात्र सावधपणे स्वीकारावी लागते. जिमखान्याच्या धावण्याच्या स्पर्धेचे अध्यक्षपद भूषवताना दोराबजी टाटा यांना दिसले की, धावपटूंतील बरेच जण अनवाणी धावणारे शेतकरी असून त्यांच्या वेळा युरोपीय धावपटूंच्या जवळपास आहेत. त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आदी ४ धावपटू आणि रणधीर शिंदे व कुमार नवले हे कुस्तीगीर गेले. शेतकऱ्याची क्षमता, जिमखान्याची मध्यमवर्गीय संघटना आणि उद्योगपतीचा पैसा एकत्र आल्याविना हा संघ गेला नसता. भारतीय ऑलिंपिक संघटना त्यानंतर ७ वर्षांनी, १९२७ मध्ये स्थापन झाली.

संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर (१८९२–१९९३) यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ ची रणजी स्पर्धा जिंकली. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर असताना, ब्रॅडमन यांच्या ४५२ च्या विक्रमास ९ धावा उरलेल्या असताना, राजकोटचे ठाकोरसाहेब या विरोधी कर्णधाराने सामना सोडून दिला. संस्थाने त्याच वर्षी विलीन झाली होती. मैदानावरील संस्थानिकाचा शब्द मात्र अजून चालत होता.

खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीने हॉकीपटू घडवले. धनराज पिल्ले त्यांपैकी एक. महिला क्रिकेटची पहिली आंतरराज्य स्पर्धा एप्रिल १९७३ मध्ये पुण्यातच झाली आणि तीत मुंबई, महाराष्ट्र व उत्तर प्रदेश हे तीनच संघ होते.

स्वातंत्र्योत्तर काळात राज्यसत्ता हाच प्रमुख आश्रय ठरला. म्हाळुंगे-बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारले गेले आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांसाठी विस्तारले. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन (१९८३ पासून) आणि या स्पर्धा यांमागे खासदार सुरेश कलमाडी होते. १९९६ पासून सुमारे दीड दशक ते भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष राहिले. कुस्तीत १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली व १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ सुरू झाली. मानाच्या चांदीच्या गदेसोबत आता मोटार, रोख बक्षीस आणि कधी शासकीय नोकरीही येते. सलग ३ वेळा विजेते ठरलेले विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाले. परिषदेतील फुटीमुळे नोव्हेंबर २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यातील फुलगाव व धाराशिव अशा दोन ठिकाणी दोन ‘महाराष्ट्र केसरी’ झाल्या आणि अनुक्रमे सिकंदर शेख व शिवराज राक्षे विजेते ठरले.

क्रिकेटचे अर्थकारण नेहरू स्टेडियममधून बाहेर पडले, ते महापालिका व क्रिकेट संघटना यांच्यातील तिकीटवाटपाच्या मतभेदांमुळे, असे सांगितले जाते. संघटनेच्या स्वतःच्या गहुंजे येथील मैदानाला २०१२ च्या सुमारास सहारा समूहाच्या प्रमुखाचे नाव मिळाले आणि पैसे थकल्यावर ते काढले गेले. याच समूहाने २०१० मध्ये ३७ कोटी डॉलरना घेतलेला पुणे वॉरियर्स हा आयपीएल संघ २०१३ नंतर दिसला नाही. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने आयपीएलचे सामने राज्याबाहेर गेले, तेव्हा खेळपट्टीला लागणाऱ्या पाण्याची प्रथमच इतकी जाहीर चर्चा झाली. देशी खेळांतही संघमालक आले: पुणेरी पलटणने २०२४ मध्ये प्रो कबड्डी जिंकली, तर खो-खोची पहिली व्यावसायिक लीग २०२२ मध्ये बालेवाडीत झाली.

ग्रामीण भागात खेड, आंबेगाव, जुन्नर व मावळ येथील घाटांवरच्या (शर्यतीच्या धावपट्ट्यांवरच्या) बैलगाडा शर्यती हे यात्रा, प्रतिष्ठा व निवडणूक यांचे केंद्र आहेत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर बंदी आणली. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. दरम्यान सर्व पक्षांचे स्थानिक पुढारी बैलगाडामालकांच्या बाजूने उभे राहिले, आणि परवानगीनंतरच्या मोठ्या शर्यतींत दुचाकी, ट्रॅक्टर व चारचाकी गाड्या बक्षीस म्हणून लागू लागल्या.