दह्यातल्या बुरशीची उपासमार

दही आंबट असतं म्हणून टिकतं, हे अर्धंच खरं. दह्याचा पीएच साडेचारच्या आसपास उतरला की दूध नासवणारे बहुतेक जीवाणू हात टेकतात. बुरशीला मात्र आंबटाचं वावडं नाही. फ्रिजच्या गारव्यातही ती सावकाश वाढते. तिला थोडी हवा लागते, आणि झाकणाखाली तेवढी असतेच. हवेतला एखादा बीजाणू डब्यात पडला की काही दिवसांनी पांढरा किंवा हिरवट ठिपका दिसू लागतो. तोवर तंतू खाली पसरलेले असतात, म्हणून वरचा थर काढून उरलेलं दही खाण्यात शहाणपणा नाही.

यावर डेअरी उद्योगाचे जुने उपाय दोन. चीजच्या पृष्ठभागावर नाटामायसिन, म्हणजे मातीतल्या जीवाणूपासून मिळणारं बुरशीनाशक. किंवा पोटॅशियम सॉर्बेट. पण पेनिसिलियम कुळातल्या काही बुरश्या भलत्याच चिवट. त्या सॉर्बेटच पचवतात आणि त्यापासून पेंटाडाइन नावाचं संयुग तयार करतात. मग चीजला चक्क रॉकेलसारखा वास येतो!

तिसरा उपाय म्हणजे जीवाणूंनाच पहाऱ्यावर बसवणं. दूध विरजतानाच लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस किंवा पॅराकेसाय यांचे निवडक वाण त्यात घालतात. अशा दह्यात बुरशी उशिरा धरते, हे ठाऊक होतं. पण का? बरीच वर्षं संशय होता तो या जीवाणूंनी सोडलेल्या रसायनांवर: अ‍ॅसेटिक आम्ल, फिनाइललॅक्टिक आम्ल, लोण्याला वास देणारं डायअसेटिल. प्रयोगशाळेत ही द्रव्यं बुरशीला रोखतात, यात शंका नाही. मात्र प्रत्यक्ष दह्यात त्यांचं प्रमाण बहुधा इतकं कमी भरतं की सगळं श्रेय त्यांना देणं जड जात होतं.

२०२० मध्ये डेन्मार्कमधल्या क्रिस्टियन हॅन्सन कंपनीच्या संशोधकांनी वेगळंच कारण पुढे आणलं. हे जीवाणू दुधातलं मँगनीज शोषून घेतात. दुधात कॅल्शियम लिटरमागे हजार मिलिग्रॅमहून जास्त असतं. मँगनीज मिलिग्रॅमचा दहावा भागही नसतं. तेवढंही आधीच कुणी फस्त केलं, तर मागाहून आलेल्या बुरशीला पंगतीत रिकामं पान मिळतं. पुरावा सरळ होता. दह्यात वरून मँगनीज घातलं, की बुरशी पुन्हा वाढू लागली. पॅराकेसायमधलं मँगनीज आत ओढणारं जनुक निकामी केलं, तेव्हा त्याची पहारेदारीही संपली.

या जीवाणूंना एवढ्या मँगनीजची हाव का, याचं उत्तर त्याआधी जवळजवळ चाळीस वर्षं तयार होतं, तेही दह्याशी काही संबंध नसलेल्या संशोधनात. ऑक्सिजन वापरणाऱ्या पेशींमध्ये सुपरऑक्साइड नावाचं घातक रूप तयार होतं. त्याचा निचरा करणारं विकर अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात अर्विन फ्रिडोविच आणि जो मॅककॉर्ड यांनी १९६९ मध्ये ओळखलं. पुढे १९८१ मध्ये फ्रेडरिक आर्चिबाल्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवलं, की लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरममध्ये हे विकर नाही. त्याऐवजी तो पेशीत मँगनीजचा मोठा साठा करतो आणि तेच काम त्याच्याकडून करून घेतो. थोडक्यात, हे बुरशीविरुद्ध पुकारलेलं युद्ध वगैरे नाही. जीवाणू आपला जीव वाचवतो, त्यात बुरशी उपाशी राहते.

मर्यादाही यातूनच निघतात. बीजाणू मरत नाहीत, फक्त थोपून राहतात. त्यामुळे कारखान्यातली स्वच्छता सुटत नाही. वाणही असा निवडावा लागतो, जो फ्रिजमध्ये दही आणखी आंबवणार नाही. शिवाय बाहेरून मँगनीज आलं तर डाव उलटू शकतो. इथे मला श्रीखंड आठवतं. वेलची मँगनीजच्या बाबतीत फार श्रीमंत आहे: ग्रॅमभर पुडीत साधारण पाव मिलिग्रॅम, म्हणजे लिटरभर दुधाच्या कितीतरी पट. त्यातलं सगळंच बुरशीच्या हाती लागेल असं नाही. पण साध्या दह्यावर यशस्वी झालेला वाण श्रीखंडात वापरायचा, तर त्याची चाचणी वेलची घालूनच घ्यायला हवी.